उलटी प्रदक्षिणा

"पप्पा, पाऊस आला, चला आतनं जाऊ, शॉर्टकट आहे," असं म्हणून पोरगी एका दगडी बिल्डिंगच्या दारातनं आत घुसली आणि आम्ही नवराबायको तिच्या मागं. जड दार, पितळी मूठ, ढकललं की उघडलं. दहापंधरा पावलं गेल्यावर वर बघितलं तर डोक्यावर घुमट, इतका उंच की मान मागं टाकताना टोपीच पडली. चारी बाजूंनी संगमरवर, रंगीत खांब, वर सोनेरी चित्रं. म्हणलं हे काय चर्च आहे काय? तर ती ओल्या केसांतनं हात फिरवत सहज म्हणाली, "नाही हो, हे कॅपिटॉल. म्हणजे आपलं विधानभवन, मुख्यमंत्र्यांचं ऑफिस आणि हायकोर्ट, सगळं एकाच छपराखाली धरा."

मी जागेवरच थांबलो. हात आपोआप खिशात गेला. पासपोर्ट घरी, ओळखपत्र नाही, पास नाही. आता कोणीतरी येणार, "कुणाकडं काम आहे?" विचारणार. कोणी आलं नाही. एक बाई बाबागाडी ढकलत गेली, एक पोरगा कानात हेडफोन घालून पायरीवर सँडविच खात बसलेला, एक म्हातारा बेंचवर बसून बूट झटकत होता. आम्ही घुमटाखालनं सरळ चालत पलीकडच्या दारानं बाहेर पडलो, समोर स्टेट स्ट्रीट. झाला शॉर्टकट. बायको म्हणाली, "मस्त बिल्डिंग आहे की." मी मात्र रात्री झोपेपर्यंत त्या दाराचाच विचार करत होतो.

गाव म्हणजे मॅडिसन, विस्कॉन्सिन राज्याची राजधानी. पोरगी तिथं शिकते म्हणून आम्ही जूनमध्ये गेलो आणि ऑक्टोबर संपता संपता परत आलो. लोक अमेरिकेला गेले की नायगारा, न्यूयॉर्क, लास वेगास बघतात. आम्ही पाच महिने एकाच गावात काढले, आणि खरं सांगतो, कंटाळा आला नाही. एक तर मी कोल्हापूरचा, मला तळं लागतं, दूध लागतं आणि मॅच लागते. हिथं तळी आहेत, एका बाजूला मेंडोटा, दुसऱ्या बाजूला मोनोना, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव वसलेलं. दुधाचं तर काय, गाड्यांच्या नंबरप्लेटवरच लिहिलेलं असतं, 'अमेरिकाज डेअरीलँड'. म्हणलं जमलं.

दुसरं कारण धंद्याचं. मी ३३ वर्षं जमीन मोजणीत काढली. प्लेन टेबल आणि साखळीपासनं सुरुवात केली आणि ईटीएस मशीनवर रिटायर झालो. बांधावरची भांडणं, हद्द कायमची मोजणी, क प्रत म्हणजे मोजणीचा नकाशा, नक्कल, हेच आयुष्य. त्यामुळं कुठल्याही गावात गेलो की माझा पहिला प्रश्न असतो, ही जमीन मूळची कुणाची?

तर मॅडिसनचा सातबारा ऐका. १८३६ साली विस्कॉन्सिन टेरिटरी, म्हणजे अजून राज्य न झालेला मुलूख, नवीनच झालेली. राजधानी कुठं करायची हे ठरवायला बेलमाँट नावाच्या बारक्या गावात सभा भरली. हिवाळा तोंडावर, सभागृह म्हणजे लाकडी घर, सदस्य थंडीनं कुडकुडतायत. तिथं जेम्स डोटी नावाचा माणूस आला, पूर्वी जज्ज असलेला आणि आता जमिनींच्या धंद्यात शिरलेला. त्यानं दोन तळ्यांच्या मधली हजार-बाराशे एकर जमीन आधीच उचलून ठेवली होती. गाव नव्हतंच तिथं, नुसतं रान आणि दलदल. यानं कागदावर प्लॉट पाडले, मधे चौक काढला, राष्ट्राध्यक्ष राहिलेले जेम्स मॅडिसन त्याच वर्षी वारले होते म्हणून त्यांचं नाव गावाला दिलं, राज्यघटनेवर सह्या करणारे ३९ जण होते त्यांची नावं रस्त्यांना. आणि मग सदस्यांना वाटप कशाचं केलं? बायसनच्या केसाळ कातड्याच्या गोधड्या! आपल्या गव्याचा भाऊच तो, त्याचं कातडं पांघरलं की थंडीची काय बिशाद. कुणाकुणाच्या नावावर प्लॉट पण चढले. मतदान झालं, राजधानी मॅडिसन.

मी हे ऐकून पोटभर हसलो. एनए नाही, ले-आउट मंजूर नाही, साधी पाऊलवाट नाही, आणि थेट राजधानी मंजूर! आमच्याकडं असले कागदावरचे प्लॉट विकणारे मी ढीगभर बघितलेत, पण त्यांच्या नकाशावर पुढं खरंच घुमट उभा राहिला असं एकही उदाहरण माझ्या नोकरीत नाही.

पण डोटीच्या आधीचा फेरफार बघितला की हसू थांबतं. ही जमीन हो-चंक लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची. ते या जागेला 'देजोप' म्हणतात, म्हणजे चार तळी. १८३२ च्या करारानं त्यांच्याकडनं ती जबरदस्तीनं घेतली, आणि हे मी नाही म्हणत, युनिव्हर्सिटीनंच २०१९ साली कॅम्पसमधल्या बॅस्कम हिल या टेकडीवर तसं लिहिलेली पाटी लावलीय. त्या लोकांच्या पूर्वजांनी घातलेले मातीचे उंचवटे कॅम्पसवर अजून आहेत, एक पक्ष्याच्या आकाराचा, एक दोन शेपट्यांच्या पाण्यातल्या देवाचा. जवळनं बघितलं तर नुसता गवताचा फुगवटा वाटतो, गुडघाभर उंच, त्याच्या कडेनं चालत गेलं की शेपटी कुठं वळली ते पायाला कळतं. हजारेक वर्षं झाली असतील. आम्ही रोवलेले हद्दीचे दगड पाच वर्षांत नांगराखाली जातात, आणि ही माती अजून आपली जागा सांगत बसलीय. मी तिथं चप्पल काढली. पोरगी म्हणाली पप्पा काय करताय, लोक बघतायत. बघू देत म्हणलं.

बरं, आत्ताचं कॅपिटॉल हे काही पहिलं नाही. आधीचं १९०४ च्या फेब्रुवारीत जळालं. गॅसच्या दिव्याची ज्योत छताला लागली आणि छताला नुकतंच व्हार्निश मारलेलं, मग काय राहतंय. आताची इमारत १९०६ ते १९१७ अशी ११ वर्षं बांधत होते, जॉर्ज पोस्ट नावाच्या आर्किटेक्टची. उंची २८४ फूट, वॉशिंग्टनच्या घुमटापेक्षा जेमतेम तीन फुटानं कमी, म्हणजे थोरल्या भावाचा मान ठेवला. घुमटाच्या टोकावर सोन्याचा मुलामा दिलेली बाई उभी आहे, नाव विस्कॉन्सिन, डॅनियल चेस्टर फ्रेंचनं केलेली, लिंकनचा तो खुर्चीत बसलेला पुतळा ज्यानं केला तोच हा. आता गंमत म्हणजे तिच्या शिरस्त्राणावर एक बॅजर बसलाय. बॅजर म्हणजे रानडुकराचं पिल्लू आणि मुंगूस यांच्या मधलं काहीतरी. पूर्वी इथं शिशाच्या खाणीवर आलेले मजूर घर बांधायला वेळ नाही म्हणून थंडीत डोंगरात बिळं करून राहायचे, त्यांना लोक चिडवायचे बॅजर म्हणून. आणि ते चिडवायचं नाव आता राज्यानंच डोक्यावर घेतलंय, ते पण सोन्याचं पाणी देऊन.

कॅपिटॉलपासनं एक मैलाच्या आत घुमटाच्या खांबांच्या पायथ्यापेक्षा उंच काही बांधायचं नाही असा नियम आहे. त्याचा आम्हाला फार उपयोग झाला. इंग्रजी यथातथा, मोबाईलचा मॅप कळत नाही, पण हरवलो की वर बघायचं, ती सोनेरी बाई दिसली की झालं.

शनिवारचा बाजार मात्र नीट सांगायलाच पाहिजे. एप्रिलपासनं नोव्हेंबरपर्यंत दर शनिवारी सकाळी कॅपिटॉलच्या चारी बाजूंनी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, १९७२ पासनं. नियम एकच कडक, ज्यानं पिकवलंय त्यानंच विकायचं. अडत्या नाही, व्यापारी नाही. टेबलामागं उभा आहे तोच शेतकरी, त्याच्या नखात माती दिसते. आणि राज्याच्या विधानभवनाच्या भिंतीला चिकटून मुळ्याच्या जुड्या, मक्याची कणसं, मेपलचा पाक, मधाच्या बाटल्या. आता मुख्य गोष्ट. सगळी गर्दी एकाच दिशेनं फिरते. कुणी पाटी लावलेली नाही, पोलीस नाही, पण कॅपिटॉल डाव्या हाताला ठेवून सगळे सरकतात. म्हणजे उलटी प्रदक्षिणा! आमच्या मंडळींनी पहिल्याच शनिवारी ते ओळखलं आणि नाराज झाल्या. "अहो, देवळाला असं डावीकडनं फिरतात काय?" म्हणलं हे देऊळ नाही. तर म्हणे, "घुमट आहे, कळस आहे, वर देवी आहे, अजून काय पाहिजे?" आणि बाई उजवीकडनं निघाल्या. पुढनं हजारो माणसं येतायत, बाबागाड्या, फुलांचे गुच्छ, आणि ही पिशवी छातीशी धरून सॉरी सॉरी करत प्रवाहाच्या उलट. मी चार पावलं गेलो आणि लाजून परत फिरलो.

पण तिचं ते उलट जाणंच कामाला आलं, कारण समोरासमोर आल्यामुळं तिची एका ह्मोंग आजीशी गाठ पडली. ह्मोंग म्हणजे लाओसच्या डोंगरातले लोक, व्हिएतनाम युद्धानंतर निर्वासित म्हणून आलेले, विस्कॉन्सिनमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे आणि भाजी करावी तर त्यांनीच. त्या आजीकडं कोथिंबिरीच्या ताज्या जुड्या आणि लवंगीसारखी मिरची. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, आणि इंग्रजी तर दोघींना सारखंच येत नाही. बोटांवर भाव झाला. आमच्या हिनं मिरची मोडून वास घेतला, डोळे मिटून मान हलवली, तर आजीनं हसून वरनं मूठभर फुकट टाकली. त्यानंतर दर शनिवारी तिथंच.

आणि चीज कर्ड. नाव ऐकून मला वाटलं दही असेल. तसं नाही, चीज करताना साच्यात घालायच्या आधीचे गोळे, बोटाएवढे, पांढरट. ताजे असले की दाताखाली चूं चूं वाजतात. खरंच वाजतात! नवी कोल्हापुरी वहाण घालून चालल्यावर करकरते तसं तोंडात. दोन दिवसांनी आवाज जातो, मग चव तीच राहिली तरी मजा गेली. आमच्याकडं गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पिणारी माणसं, ताजं म्हणजे काय हे आम्हाला शिकवायला नको, पण वाजणारं दूध पहिल्यांदाच खाल्लं.

जुलैत बुधवारी संध्याकाळी त्याच हिरवळीवर ऑर्केस्ट्रा. १९८४ पासनं चाललंय, फुकट. सतरंजी टाकून जागा धरायची, पण दुपारी तीनच्या आधी टाकायची नाही. तीनला पाच कमी असताना लोक कडेला घडी हातात घेऊन उभे आणि तीन वाजले की जी काय पळापळ! एसटीच्या खिडकीतनं रुमाल टाकण्यात माझी हयात गेली, मला काय शिकवता. पहिल्या बुधवारी आमची चादर तिसऱ्या रांगेत. सोलापुरी चादर, लाल मोरवाली, शेजारचे गोरे हात लावून बघत होते. संगीत मला फारसं कळलं नाही, एकदोन वेळा डुलकी पण लागली. पण सरकारच्या पायरीशी लोक डबे उघडून बसलेत, कुणी वाइन ओततंय, पोरं गवतात लोळतायत, हे बघायलाच मी जायचो.

तळ्याकाठी मोनोना टेरेस म्हणून एक मोठी वास्तू आहे, फ्रँक लॉइड राइट या नावाजलेल्या आर्किटेक्टची. त्यानं ती १९३८ साली सुचवली, एका मतानं पडली. मग पुन्हा प्रस्ताव, पुन्हा विरोध, पुन्हा प्रस्ताव. राइट १९५९ ला गेला. उद्घाटन झालं १९९७ ला. ५९ वर्षं! हे ऐकून मला अमेरिकेबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

आता फुटबॉल. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल शिकवू नये, आमच्या पेठापेठांच्या मॅचला शाहू स्टेडियमवर काय चालतं ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पण यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं, आणि दर दहा सेकंदांनी थांबायचं. १५ मिनिटांचे चार डाव आणि साडेतीन तास संपत नाही. स्टेडियमचं नाव कॅम्प रँडल, यादवी युद्धात इथं ७०,००० सैनिकांचं ट्रेनिंग झालेलं, आज जवळपास ७५,००० माणूस बसतं. गावाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २ लाख ६९ हजार आणि काहीतरी, म्हणजे मॅचच्या दिवशी हिशोबानं चौथाई गाव आत. आणि खेळणारी कोण, तर कॉलेजची पोरं. सकाळपासनं रस्ते लाल, अंगणात शेगड्या पेटलेल्या, ब्रॅट नावाचे जाडजूड सॉसेज भाजतायत, बीअर तर नळाला येत असावी.

खेळ अर्धा डोक्यावरनं गेला, पण एक गोष्ट अशी आवडली की विचारू नका. बकी नावाचा बॅजरचं सोंग घेतलेला पोरगा असतो. आपल्या टीमनं गुण मिळवले की तो एकूण जितके गुण तितके जोर मारतो! सात झाले तर सात. चौदा झाले तर परत चौदा. एकवीस तर एकवीस. सगळं पब्लिक मोजतंय. म्हणलं हा गडी तालमीतला, याला मी ओळखतो. मोठ्यानं मराठीत मोजायला लागलो, अठरा, एकोणीस, वीस, पोरगीनं कोपर मारलं.

तिसरा डाव संपला आणि एक जुनं रॅप गाणं लागलं, आणि सगळी विद्यार्थ्यांची बाजू एकदम उड्या मारायला लागली. १९९८ पासनंची ही प्रथा. पायाखालचं काँक्रीट हललं, खोटं नाही, बाकावरचा कॉफीचा कप सरकत कडेला आला आणि मी पकडला. २००३ मध्ये स्टेडियमचं बांधकाम चालू होतं म्हणून अधिकाऱ्यांनी हे बंद केलं होतं, तर पोरांनी असा गोंधळ घातला की परत चालू करावं लागलं. बायकोनं एक हात माझ्या खांद्यावर आणि एक गुडघ्यावर ठेवून तीन उड्या मारल्या. गुडघेदुखीच्या गोळ्या सुरू आहेत हे इथं नमूद करतो.

याच गावातल्या पोरांनी १९७९ साली गोठलेल्या तळ्यावर स्वातंत्र्यदेवीचं मुंडकं आणि मशाल उभी केली होती, जणू बाकीची बाई बर्फाखाली बुडालीय, आणि त्याच साली बॅस्कम हिलवर हजारभर प्लास्टिकचे गुलाबी फ्लेमिंगो खोचले. २००९ मध्ये नगरपालिकेनं प्लास्टिकचा फ्लेमिंगो हा शहराचा अधिकृत पक्षी म्हणून ठराव केला. ठराव! मी नोकरीत बरेच ठराव वाचलेत.

पण त्याच युनिव्हर्सिटीत मला एक आपला माणूस भेटला, म्हणजे त्याचं नाव भेटलं. हरगोबिंद खुराना. १९६० ते ७० ते इथं होते, इथंच जनुकांच्या भाषेचं काम केलं आणि १९६८ ला नोबेल मिळालं. हे पाठ्यपुस्तकात होतं. मला माहीत नव्हतं ते पोरीनं वाचून दाखवलं, की त्यांचे वडील पंजाबातल्या रायपूर नावाच्या शंभरेक वस्तीच्या खेड्यात पटवारी होते. पटवारी म्हणजे आपला तलाठी. गावात लिहितावाचता येणारं जवळपास हे एकच घर. मी तळ्याकाठी त्या पिवळ्या-नारिंगी लोखंडी खुर्चीत बसलो होतो, उन्हं उतरत होती, आणि मला डोळ्यांसमोर दप्तर दिसलं, लाल फडक्यात बांधलेलं, त्याच्या शेजारी झोपलेलं पोरगं. आमच्या खात्यातल्या माणसाचा पोरगा. पोरगी शेजारी आइस्क्रीम खात होती, मी तिला काही बोललो नाही.

कॅपिटॉलच्या त्या दाराचं पुढं कळलं. २०११ च्या फेब्रुवारीत सरकारी नोकरांच्या युनियनचे हक्क कापणारं बिल आलं, तेव्हा हजारो लोक आत घुसले आणि त्या संगमरवरावर अंथरूण टाकून दोन आठवड्यांच्या वर झोपले. शिक्षक, नर्सा, विद्यार्थी. बाहेरच्या देशांतली अनोळखी माणसं फोन करून, पैसे भरून त्यांच्यासाठी जवळच्या दुकानातनं पिझ्झे पाठवत होती. बिल शेवटी पास झालंच. मीही संपात बसलोय दोनतीनदा, पण गेटच्या बाहेर, मांडवात, आणि चहा आमचा आम्ही काढून.

आणि एक सांगायचं राहिलंय. मी टेबलाच्या आतल्या बाजूचा माणूस होतो. एक म्हातारा हद्द कायमच्या क प्रतीसाठी चार वेळा आला होता. दोन एसटी बदलून यायचा, कडुनिंबाखाली पटका काढून बसायचा, चारपर्यंत थांबून जायचा. मी चारी वेळा सांगितलं, साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या. क प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये होती. फक्त सहीला पुढं ढकलायची राहिलेली. कुणी पैसे मागितले नव्हते, काही नव्हतं, नुसतं राहून गेलेलं. पाचव्यांदा त्याचा पोरगा आला, दंडाला काळी फीत.

शेवटच्या शनिवारी बाजार चालू असताना मी एकटाच आत गेलो. आता दार ओळखीचं झालं होतं. गव्हर्नरच्या दालनाबाहेर काशाचा बॅजर आहे, एका जुन्या युद्धनौकेवरनं आणलेला. सगळं अंग काळपट आणि नाक तेवढं सोन्यासारखं पिवळं, कारण येणारं जाणारं प्रत्येक पोर नाकाला हात लावतं, नशीब फळफळतं म्हणून. आपल्याकडं सरकारी कामात उंबरे झिजतात, इथं बॅजरचं नाक झिजलंय. लाल कोटातल्या एका पांढऱ्या केसांच्या बाई, गाइड असाव्यात, माझ्याकडंच चालत आल्या. छातीत धस्स झालं, म्हणलं शेवटच्या दिवशी पकडला. त्या हसल्या, बॅजरकडं हात केला, लावा लावा अशी खूण केली. मी देवळातल्या कासवाला लावतात तसा हात लावला आणि सवयीनं कपाळाला नेला. गार होतं.

बाहेर आलो तर गर्दी आपली उलटी फिरतेय आणि त्यातनं आमच्या मंडळी सरळ येतायत, दोन्ही हातांत पिशव्या, वरनं कोथिंबीर डोकावतेय.

"अहो, इतका वेळ कुठं होता?"

"आत."

"आत? आणि कुणी सोडलं तुम्हाला?"

"कुणी विचारलंच नाही," म्हणलं, आणि तिच्या हातातली जड पिशवी घेतली.